पासबुक खाली पडलं तेव्हा

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी 27 वर्षांची, लातूरकडची. दोन वर्षांपासून बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत काउंटरवर आहे. मागच्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ निराधार योजनेचे पैसे काढायला आले. स्लिपवरची सही जुळेना. मान खाली, हात थरथरत होते, काही विचारलं की नजर चुकवायचे. खोटं बोलणारा नजर चुकवतो, हे तिनं मोबाइलवरच्या व्हिडिओंत पाहिलेलं, त्यामुळं तिला संशय आला. तिनं दोनदा आधार कार्ड मागितलं, जरा मोठ्यानं विचारपूस केली आणि 'उद्या घरच्या कुणाला तरी घेऊन या' म्हणत पासबुक काचेखालून सरकवलं. ते खाली पडलं. म्हाताऱ्यानं वाकून उचललं, कपाळाला लावलं, 'बरं मॅडम' म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुतण्या शाखेत येऊन सगळ्यांदेखत ओरडला, 'आमच्या बप्पांचं पासबुक फेकलं या बाईनं.' साहेबांनी बोलावून सांगितलं की बॉडी लँग्वेज सुधारा, जरा हसत जा, प्रशिक्षणाला तुमचं नाव पाठवतो. तिचं म्हणणं असं की मी एकही वावगा शब्द बोलले नाही. हसायचं म्हणाल तर पहिले तीन महिने हसूनच बोलत होते, तर एक गिऱ्हाईक रोज काहीतरी निमित्त काढून काउंटरवर येऊ लागलं. तेव्हापासून मुद्दाम चेहरा कोरा ठेवते. आता गावात 'मॅडम लई तोऱ्यात असतात' असं झालंय. बदलीचा अर्ज लिहून तयार आहे. देऊ का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून पुतण्याचा राग आला, साहेबांचा त्याहून जास्त. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एकाच ओळीवर अडले. म्हाताऱ्यानं वाकून पासबुक उचललं आणि कपाळाला लावलं. तुम्ही ही ओळ लिहिलीत म्हणजे तुमच्याही डोळ्यांपुढून ते हललेलं नाही. ज्याला काहीच वाटलेलं नसतं तो इतकं बारीक लिहीत नाही. म्हणून तुमच्याशी मोकळेपणानं बोलते, राग मानू नका.

'मी एकही वावगा शब्द बोलले नाही,' हे तुम्ही पत्रात तीन ठिकाणी लिहिलंय. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण आपल्याकडं माणसाचा अपमान करायला शब्द लागतो कुठं? तोंड फिरवलं, नाक मुरडलं, आठ्या घातल्या, हात झटकले, पाठ फिरवली, मान वर केली नाही. आपल्या बोलण्यातल्या या सगळ्या तक्रारी आहेत आणि एकीतही कुणी काही बोललेलं नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत, आंगिक (अंगाच्या हालचाली), वाचिक (शब्द), आहार्य आणि सात्त्विक (आतून आपोआप उमटणारा). शब्दांच्या वाट्याला चारातला एक आला. आहार्य म्हणजे वेश, अलंकार, सगळा साज. तुमच्या शाखेतला साज म्हणजे ती काच, तुमची फिरती खुर्ची, गळ्यातलं ओळखपत्र, आणि काचेच्या तळाशी ठेवलेली वीतभर फट, जिच्यातून बोलायला म्हाताऱ्या माणसाला कमरेत वाकावं लागतं. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच एवढं बोलून झालेलं असतं.

मी दहा वर्षांची असेन. वडिलांबरोबर तालुक्याच्या एका कचेरीत गेले होते, शेताच्या कसल्याशा कागदासाठी. दारात पोचल्यावर वडिलांनी पायातल्या वहाणा काढल्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पाटीही नव्हती. टेबलामागचे कारकून लिहीत होते. त्यांनी मान वर न करता डावा हात पुढं केला आणि नुसती बोटं हलवली, म्हणजे कागद दे. वडिलांनी टोपी काखेत धरून कागद त्या बोटांत दिला. शिक्का बसला, सही झाली, कागद टेबलाच्या कडेला सरकला. पैसे मागितले नाहीत, उद्या या म्हणाले नाहीत. पाच मिनिटांत काम झालं. येताना एसटीत वडील खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर आईनं विचारलं तर म्हणाले, 'झालं काम,' आणि हातपाय धुवायला गेले ते बराच वेळ न्हाणीतून बाहेर आले नाहीत. त्या कारकुनांचा चेहरा मला आज आठवत नाही, कारण तो मला दिसलाच नव्हता. बोटं आठवतात. अंगठ्याला शाईचा डाग होता.

ते गृहस्थ वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही. दिवसात शंभर कागद हातावेगळे करणारा माणूस होता तो. तुमचंही तेच आहे. जूनमध्ये पीककर्जाची झुंबड, लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाले की दारापर्यंत बायकांची रांग, कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाची केवायसी राहिलेली, आणि त्यात सर्व्हर बंद. अशा वेळी नजर स्क्रीनवरून हलत नाही आणि हात आपोआप चालतात. पण काचेपलीकडच्या माणसाला तुमचे शंभर कागद दिसत नाहीत. तो काळीपिवळीत अंग चोरून बसून वीस-पंचवीस किलोमीटरवरून आलेला असतो. त्याच्या वाट्याला तुमची दोन मिनिटं येतात आणि तेवढ्यावरच गावात तुमचं नाव ठरतं.

आता त्या सरकवण्याबद्दल. तुम्ही म्हणता सरकवलं आणि निसटलं, पुतण्या म्हणतो फेकलं. मला दोघांचंही खरं वाटतं. आपल्या मुलखात वस्तू हातात न देता वरून टाकणं, खाली ठेवणं, लांबून ढकलणं याला फार जुना आणि फार वाईट अर्थ आहे. ओंजळीत उंचावरून ओतलेलं पाणी. उंबऱ्याबाहेर ठेवायला लावलेले पैसे, आणि ते पाणी शिंपडून मगच उचलणारा दुकानदार. राज्यघटना 1950 साली लागू झाली आणि तिच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता मोडीत काढली. पण ज्यांनी ते सोसलं, ज्यांनी ते आपल्या आईबापांना सोसताना पाहिलं, ती माणसं अजून आपल्या गावांत हिंडताफिरताहेत. ते बप्पा कोणत्या समाजाचे हे तुम्ही लिहिलं नाही आणि मला ते जाणून घ्यायचंही नाही. कोणत्याही घरातला म्हातारा असो, हातात न मिळालेली वस्तू कोण उचलतं हे त्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तुमच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला माहीत आहे. देणाऱ्याचं मन घेणाऱ्याला दिसत नाही हो, हात दिसतो.

आणि कपाळाला लावणं? पडलेला कागद, पाय लागलेलं पुस्तक, सांडलेलं धान्य उचलून आपण कपाळाला लावतो. पासबुकात लक्ष्मी म्हणून लावलं असेल. तुमच्या हातून पडलं त्याचा दोष त्यांनी आपल्याकडं घेतला असेल. किंवा हाताची नुसती सवय असेल. मला सांगता येणार नाही, तुम्हालाही येणार नाही, आणि नेमकं इथंच तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट आहे. जे कपाळाला लावणं आपल्याला उलगडत नाही, त्याच माणसाची मान, नजर आणि हात तुम्ही पाच मिनिटं आधी अगदी खात्रीनं वाचले होते.

'खोटं बोलणारा नजर चुकवतो' हे इतक्या ठिकाणी इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ते खरंच वाटू लागतं. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली खोटं ओळखण्यावर तोवर झालेले प्रयोग एकत्र तपासले. 24 हजारांवर माणसांनी दिलेले निवाडे त्यात होते. खरं कोण आणि खोटं कोण हे बरोबर ओळखण्याचं प्रमाण सरासरी 54 टक्के निघालं. नाणं उडवून सांगितलं तरी 50 टक्के बरोबर येतं.

शिवाय खाली गेलेल्या नजरेचा अर्थ गावागावाला, घराघराला बदलतो. आपण चोराला म्हणतो, 'नजरेला नजर देऊन बोल.' आणि उद्धट पोराला म्हणतो, 'डोळ्याला डोळा लावून बोलतोस व्हय रं?' एकाच जिभेवर दोन्ही. मोठ्या माणसापुढं मान वर करून बोलू नये, परक्या बाईमाणसाकडं टक लावून बघू नये, अशा वळणात वाढलेला माणूस बँकेच्या मॅडमपुढं डोळे खाली ठेवतो तेव्हा तो त्याच्या परीनं तुम्हाला मान देत असतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तुम्ही पाहिला असेल, शाळेची सहल तिथं गेल्याशिवाय राहत नाही. हातात निळं कमळ, पापण्या झुकलेल्या. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारानं करुणा दाखवायला झुकलेलीच नजर निवडली.

थरथरणाऱ्या हातांना तर किती कारणं असतात. वय, कंपवात, सकाळपासून पोटात काही नसणं, साखर उतरणं, आणि भीती. भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव सांगितलेत. घाम फुटणं, कापरं भरणं, आवाज फुटणं, चेहरा उतरणं हे त्यांतलेच. यांतलं काहीच माणसाच्या मर्जीवर चालत नाही. काचेमागच्या मॅडमनं चढ्या आवाजात दुसऱ्यांदा आधार कार्ड मागितलं की अस्सल खातेदाराचाही हात कापतो. मॅडमला ते कापणं दिसतं आणि संशय वाढतो, आवाज अजून चढतो, समोरचा अजून कापतो.

सही जुळत नव्हती हे कारण मात्र खरंच आहे. तिथं थांबणं तुमचं कामच होतं, त्यात तुमची काही चूक नाही. पण मग सहीपुरतंच बोलायचं. 'बप्पा, वय झालं की सही बदलते, सगळ्यांचीच बदलते. आपण अंगठ्याचं बघू,' हे हळू आवाजात, मागच्या चौघांना ऐकू न जाता सांगता येतं. वयामुळं किंवा आजारामुळं सही करता येत नसेल तर बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे, आणि त्यातला एक साक्षीदार बँकेचाच जबाबदार अधिकारी असायला हवा, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. नोव्हेंबर 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनं ज्येष्ठांसाठी वेगळा किंवा त्यांना आधी घेणारा काउंटर ठेवायला बँकांना सांगितलं. तुमच्या शाखेत तो आहे का, हे साहेबांना तुम्ही विचारा. तुमच्या चेहऱ्यावरच्या हसण्याइतकीच ती खिडकीही शाखेची बॉडी लँग्वेज आहे.

त्यांच्या 'बरं मॅडम'बद्दलही बोलायला हवं. तुम्ही लिहिलंय, 'ते बरं म्हणाले, म्हणजे मला वाटलं त्यांना पटलं.' आपल्या भागात 'बरं', 'हाव', किंवा नुसती हलवलेली मान याचा अर्थ पुष्कळदा 'ऐकू आलं' एवढाच असतो. कधी 'आता मला जाऊ द्या' असा असतो. पटलं, समजलं, हे त्यात असेलच असं नाही. हे तुम्हाला एकटीलाच लागू नाही. तलाठी कार्यालयातली माणसं, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, मेडिकलवाले, पालकसभेत बोलणारे गुरुजी, सगळ्यांची इथं फसगत होते. 'समजलं का?' असं विचारलं की उत्तर 'समजलं' हेच येणार. नाही म्हणायला लाज वाटते, रांग मागं ढकलत असते. त्यापेक्षा म्हणावं, 'उद्या येताना काय काय आणाल, सांगा बरं मला.' मग कळतं की आधार कार्डाची झेरॉक्स लक्षात राहिली आणि घरच्या माणसाला आणायचं राहून गेलं. किंवा पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहून द्याव्या. वाचता येत नसलं तरी घरी नातवंड वाचतं. चिठ्ठी हातात पडली की माणसाचा अर्धा घोर जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हसण्याच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. शेजारच्या खिडकीतल्या पुरुष सहकाऱ्याला कुणी 'जरा हसत जा' म्हटल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? तुमचं हसू एका माणसानं आमंत्रण समजलं आणि त्याचा बंदोबस्त शाखेनं करण्याऐवजी तुम्ही एकटीनं स्वतःचा चेहरा बंद करून केला. 2013 च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात, कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. म्हणजे गिऱ्हाईकही त्यात आलं. तो माणूस अजून येत असेल तर तारीख, वेळ, काय निमित्त काढलं, काय बोलला हे वहीत टिपून ठेवा आणि साहेबांना लेखी द्या. तुम्ही ही गोष्ट आजवर त्यांना सांगितलेली दिसत नाही. ती कळल्याशिवाय त्यांना तुमचा चेहरा कसा समजणार?

पण एक सांगते. ती ढाल तुम्ही एका माणसासाठी धरली आणि ती दिसते सगळ्यांना. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात आयांना सांगितलं, तान्ह्या लेकराशी खेळता खेळता काही मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेवा. लेकरू आधी हसून बघतं. मग हात पुढं करतं, आवाज काढतं. आई हलतच नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं आणि कळवळतं. आईनं त्याला रागावलेलं नसतं, मारलेलं नसतं, नुसता चेहरा बंद केलेला असतो. मोठी माणसं रडत नाहीत, बाहेर जाऊन 'तोऱ्यात असतात' म्हणतात.

हसू आणि कोरा चेहरा यांच्या मधे पुष्कळ जागा आहे, आणि आपल्याकडच्या बायका त्या जागेत पिढ्यान् पिढ्या वावरत आल्यात. एसटीत शेजारच्या परक्या माणसाला बाई म्हणते, 'दादा, जरा सरका.' त्या एका शब्दात ती त्याला जवळही करते आणि त्याची जागाही ठरवून टाकते. हसण्याचे दोन अर्थ निघतात, 'दादा'चा एकच. तुम्ही लातूरच्या, हे तुम्हाला शिकवायला नको. तीस-पस्तिशीच्या गिऱ्हाइकाला 'बोला दादा'. म्हाताऱ्यांना काका, मामा, बप्पा. बायकांना मावशी, ताई. माणूस खिडकीशी आला की स्क्रीनवरची नजर एकदा, फक्त एकदा वर उचलायची आणि 'या' म्हणायचं. मग खुशाल स्क्रीनकडं बघा. पण बघताना तोंडानं सांगत राहा, 'सर्व्हर हळू चाललाय, बघतेय तुमचंच.' गप्प राहून स्क्रीनकडं बघणारी बाई आणि हे बोलून बघणारी बाई, दोघी तेच काम करत असतात, पण काचेपलीकडून फार वेगळ्या दिसतात. ओढून आणलेलं हसू मला तरी नको वाटतं. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला जातो आणि तो सहसा आपल्या हुकमानं हलत नाही, हे द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1862 सालीच लिहून ठेवलंय. आपल्या आजीला ते न वाचता कळायचं.

पत्रात एका ठिकाणी तुम्ही ओझरतं लिहिलंय की लोक काचेला तोंड लावून बोलतात, घामाचा-तंबाखूचा वास येतो आणि तुम्ही मागं रेलता. यात लाजण्यासारखं काही नाही. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी 1966 साली माणसामाणसांतल्या अंतराची मापं मांडली. कामापुरती ओळख असलेल्यांत चार ते बारा फूट, असं त्यांचं निरीक्षण होतं. पण ते अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांना बघून केलेलं. आपल्या रांगेत मागच्याचा श्वास मानेला लागतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. माणूस पुढं वाकला आणि तुम्ही त्याच क्षणी मागं गेलात, तर त्याला ते स्वतःच्या अंगाला दिलेलं उत्तर वाटतं. खुर्ची सकाळी बसतानाच चार बोटं मागं घेऊन ठेवा, मग कुणासमोर मागं सरकायची पाळी येणार नाही.

प्रशिक्षणाला पाठवलं तर जरूर जा. तिथं कदाचित 7, 38 आणि 55 हे आकडे ऐकाल, म्हणजे संवादात शब्द फक्त 7 टक्के, बाकी 93 टक्के आवाज आणि चेहरा. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांतले आहेत. लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे कशावरून वाटतं ते विचारलं. आवडनिवड आणि भावना सोडून बाकी बोलण्याला हे समीकरण लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. पीकविम्याची शेवटची तारीख, कर्जाचा हप्ता, राहिलेली केवायसी, ही सगळी शब्दांचीच कामं आहेत. ती सोप्या मराठीत, सावकाश सांगितली नाहीत तर चेहरा कितीही प्रसन्न असो, माणूस दुसरा खेटा घालणारच.

बदलीचं म्हणाल तर घरची ओढ असेल, तो माणूस त्रास देणं थांबवत नसेल आणि शाखा काही करत नसेल, तर बिनदिक्कत अर्ज द्या, त्यात कमीपणा नाही. या एका प्रसंगामुळं देत असाल तर थोडं थांबा. नव्या गावातही काच असेल, जूनची गर्दी असेल, आणि हे पासबुक मनात पडलेलंच राहील. आधी ते उचलू या.

निराधारचे पैसे जमा झाले की बप्पा येतीलच. नाही आले तर त्यांच्या गावाकडं जाणाऱ्या बँक मित्राकडं निरोप पाठवा. आले की काचेमागून बोलू नका, शेजारच्याला खिडकी सांभाळायला सांगून दार उघडून बाहेर या. त्यांना बाकावर बसवा आणि तुम्ही शेजारी बसा, समोर नको. समोर बसलं की जाब द्यायला बोलावल्यासारखं वाटतं. आपल्याकडची अवघड बोलणी बांधावर, ओट्यावर, बाजेवर, शेजारी बसून एकाच दिशेला बघत झालेली आहेत. 'बप्पा, त्या दिवशी पासबुक खाली पडलं, ते मी बाहेर येऊन उचलून द्यायला पाहिजे होतं. चुकलं माझं,' एवढंच म्हणा. गर्दीचं, सर्व्हरचं, सहीचं कारण त्याला जोडू नका. ते 'राहू द्या मॅडम' म्हणतील आणि मान खालीच ठेवतील. त्यांनी वर बघावं म्हणून वाट बघू नका. अंगठ्याचं काम तिथंच उरकून पासबुक उजव्या हातानं, डावा हात कोपराला लावून द्या, आपण वडीलधाऱ्यांना देतो तसं.

पुतण्या बरोबर असेल तर तो मधेच बोलायला लागेल. आधी बप्पांशी बोलणं पुरं करा. मग त्याच्याकडं वळून सांगा, 'दादा, मी फेकलं नव्हतं, पण हातातही दिलं नव्हतं. तुमचं रागावणं बरोबर होतं.'